उतारशाळेचा रक्षक

काही वर्षांपूर्वी कल्याण-डोंबिवली पट्ट्यातील एका धर्मग्रामात आम्ही सेवेस होतो, त्या वेळची ही गोष्ट. रविवारचा दुसरा मिस्साबली आटोपून आम्ही वस्त्रे घडी करून ठेवीत होतो, तोच एक विशीतील मुलगी दाराशी येऊन उभी राहिली. तिचे वडील नगर जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरातून, अंबरनाथच्या एका कारखान्यात कामाला आलेले. कारखाना बंद पडल्यावर ते वॉचमनची नोकरी करू लागले होते. आई चार घरी पोळ्या करायला जात असे. बारावीनंतर या मुलीने रेल्वे स्टेशनाजवळच्या एका क्लासमध्ये एक वर्षाचा ‘नर्सिंग असिस्टंट’ हा अभ्यासक्रम पुरा केला होता, आणि चार महिन्यांपासून ती एका खाजगी नर्सिंग होममध्ये कामाला लागली होती.

ती म्हणाली, “फादर, पेशंट मला सिस्टर म्हणतात. मी सिस्टर नाही. तरी मी ‘आले हं’ म्हणून जाते. हे खोटं बोलण्यात येतं का?”

आम्हाला त्या प्रश्नाचे कौतुक वाटले. दुसऱ्या मिस्साबलीनंतर आम्हाला घरभेटीला जायचे होते, म्हणून आम्ही झटकन उत्तर दिले, “बाळ, तू आजाऱ्यांची सेवा करतेस. देव अंतःकरण पाहतो, सर्टिफिकेट पाहत नाही.”

तिने मान डोलावली. जाता जाता मात्र उंबऱ्यापाशी थांबून म्हणाली, “पण फादर, इंजेक्शन तर हातानंच द्यावं लागतं ना.”

ती निघून गेली. आमचे उत्तर चुकले होते, हे आम्हाला त्याच क्षणी कळले. ते का चुकले हे समजायला मात्र पुष्कळ दिवस लागले. प्रस्तुत लेखात आम्ही तोच विचार वाचकांपुढे ठेवू इच्छितो. आजाऱ्याच्या सेवेत चांगला हेतू पुरेसा असतो काय? प्रेमाने केलेले पण न शिकता केलेले काम नीतीच्या तराजूत किती उतरते? आणि ज्याला त्या कामाचा पगार मिळतो, त्याच्या हातून घडते ती सेवा की नुसती नोकरी?

प्रथम तिची हकीगत सांगितली पाहिजे. पुढे आम्ही तिच्या घरी गेलो, तेव्हा तिने आम्हाला ते सर्टिफिकेट दाखविले. जाड कागद, सोनेरी शिक्का, आणि ठळक अक्षरांत ‘शासन नोंदणीकृत’ असे शब्द. नोंदणी होती ती संस्थेची. चार माणसांनी एकत्र येऊन मंडळ काढले की त्याला जसा नोंदणी क्रमांक मिळतो, तसा तो क्रमांक होता. अभ्यासक्रमाला मान्यता असणे ही गोष्ट निराळी. महाराष्ट्रात परिचारिका म्हणून काम करावयाचे तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत नाव असावे लागते, आणि ते नाव मान्यताप्राप्त विद्यालयातून ए.एन.एम.ची दोन वर्षे, जी.एन.एम.ची तीन वर्षे किंवा बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षे पुरी केल्याखेरीज लागत नाही. या मुलीचे वर्ष गेले होते दुकानांच्या वरच्या मजल्यावरील एका खोलीत, वहीत नोट्स उतरवून घेण्यात. ‘प्रॅक्टिकल’ म्हणून जे तीन महिने होते, त्यांत तिने फाइली वाहिल्या आणि फरशी पुसली. फी भरण्यासाठी आईने कानातले विकले होते.

आता ती पांढरा कोट घालून वॉर्डात उभी राहत होती. रात्रपाळीला नोंदणीकृत परिचारिका नसली की सलाइन लावणे, इंजेक्शन देणे तिलाच सांगितले जाई. तिने ते शेजारच्या मुलीचे पाहून पाहून उचलले होते. प्रत्येक वेळी हात थरथरतात, असे ती म्हणाली. तिच्या महिन्याचा पगार तिच्या आईच्या पोळ्यांच्या कमाईपेक्षाही कमी होता.

‘देव अंतःकरण पाहतो’ हे आमचे उत्तर त्या थरथरणाऱ्या हाताला काय उपयोगाचे होते? आणि ज्याच्या दंडात ती सुई जाणार होती, त्याला?

या ठिकाणी आम्हाला आमचाच एक अपराध कबूल केला पाहिजे. दीक्षा घेऊन आम्हाला फार दिवस झाले नव्हते. अर्धांगवायूचा झटका आलेल्या एका गृहस्थांना भेटण्यासाठी आम्ही रुग्णालयात गेलो होतो. त्यांना बोलता येत नव्हते, पण डोळ्यांनी ते कम्युनियन मागत आहेत असे आम्हाला वाटले. आम्ही प्रार्थना केली, ख्रिस्तशरीराचा लहानसा कण त्यांच्या जिभेवर ठेवला आणि तो गिळता यावा म्हणून वर दोन चमचे पाणी पाजले. ते पाठीवर उताणे निजलेले होते. क्षणार्धात त्यांना ठसका लागला, चेहरा काळानिळा पडला, डोळे वर गेले. आम्ही नुसते उभे होतो. पलीकडच्या कॉटपाशी असलेली सिस्टर धावत आली, तिने त्यांना एका हाताने कुशीवर वळवले, डोके उचलले, मशीन लावून घशातले पाणी ओढून काढले. श्वास लागला तेव्हा तिने आमच्याकडे पाहिले आणि हळू आवाजात म्हणाली, “फादर, यांना गिळता येत नाही. कॉटवर पाटी आहे.”

कॉटच्या डोक्याशी ‘एन.बी.एम.’ ही तीन अक्षरे लिहिलेली होती. तोंडाने काहीही द्यायचे नाही, असा त्यांचा अर्थ. आम्ही ती अक्षरे वाचली होती, पण विचारले नव्हते.

आमचा हेतू शुद्ध होता. त्याहून शुद्ध हेतू तो काय असणार? तरीही त्या दिवशी एक माणूस आमच्या भक्तीने मरता मरता राहिला, आणि वाचला तो एका शिकलेल्या स्त्रीच्या हातांमुळे. त्या बाईंचा धर्म कोणता होता, त्या दिवसातून किती वेळा प्रार्थना करीत, हे आम्हाला ठाऊक नाही. त्या वेळी त्यांना जे करायचे ते येत होते. आम्हाला येत नव्हते.

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना अज्ञानाचे दोन प्रकार आम्ही पाठ केले होते. एक अनिवार्य अज्ञान, म्हणजे जे दूर करणे माणसाच्या हाती नसते. दुसरे निवार्य अज्ञान, म्हणजे जे थोड्या प्रयत्नाने, एखादा प्रश्न विचारून दूर करता आले असते. पहिल्याचा दोष माणसाला लागत नाही. दुसऱ्याचा लागतो. संत थॉमस अक्वायनस यांनी हा विचार तेराव्या शतकात मांडला. आपल्यावर जे जाणून घेण्याचे बंधन आहे, ते जाणून घेण्याची हयगय करणे हे स्वतःच पाप आहे, असा त्यांचा आशय. परीक्षेसाठी आम्ही ते लिहिलेही होते. ते आपल्यालाही लागू आहे हे कळण्यासाठी मात्र त्या कॉटपाशी उभे राहावे लागले.

हीच चूक एकट्या आमचीच आहे असे नाही. आपल्या ख्रिस्तसभेलाही हा धडा हळूहळूच मिळाला आहे, आणि तो इतिहास आपण लपवू नये. संत कामिल्लस दे लेलिस (१५५०-१६१४) हे तरुणपणी सैनिक आणि पट्टीचे जुगारी. पायाची जखम घेऊन ते रोमच्या रुग्णालयात गेले आणि तेथेच नोकर म्हणून राहिले. पगारी नोकर आजाऱ्यांची कशी हेळसांड करतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि प्रेमापोटी सेवा करणाऱ्या माणसांचा संघ उभा केला. येथवरची कथा आपण प्रवचनांतून ऐकतो. पुढची सहसा ऐकत नाही. कामिल्लसांनी आपल्या सोबत्यांना नुसते ‘प्रेम करा’ असे सांगून वॉर्डात पाठवले नाही. आजाऱ्यांची सेवा कोणत्या रीतीने करावी याचे नियम त्यांनी लिहून घालून दिले. पुढे १६३३ साली संत व्हिन्सेंट दी पॉल आणि संत लुईज द मारियाक यांनी प्रेमसेवा-भगिनींचा संघ सुरू केला, तेव्हा खेड्यातून आलेल्या साध्या मुलींना सेवेसाठी शिकवून तयार करणे हा त्या कार्याचाच भाग होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० साली परिचारिकांची शाळा काढली. त्यापूर्वी त्यांनी जर्मनीतील कायझर्सवर्थच्या प्रॉटेस्टंट सेविकांचे आणि पॅरिसच्या आपल्या धर्मभगिनींचे काम जवळून पाहिले होते.

तरीही एक मोठी उणीव राहून गेली. धर्मभगिनींनी वैद्यकी करणे, बाळंतपण करणे हे त्यांच्या व्रतस्थ जीवनाला शोभणारे नाही, अशी समजूत आपल्या नियमांत दीर्घकाळ टिकून होती. त्याचे परिणाम विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात दिसत होते. पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढे येत नसत, आणि ज्या धर्मभगिनी त्यांच्या घरात जाऊ शकत होत्या, त्यांना प्रसूती करण्याची मोकळीक नव्हती. रावळपिंडीत काम केलेल्या ऑस्ट्रियन डॉक्टर अ‍ॅना डेंगेल यांनी हे मृत्यू पाहिले. त्यांनी १९२५ साली ‘मेडिकल मिशन सिस्टर्स’ हा संघ स्थापन केला आणि रोमकडे धरणे धरल्यासारखा पाठपुरावा केला. अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमहून आदेश निघाला. धर्मभगिनींना वैद्यकशास्त्र आणि प्रसूतिशास्त्र रीतसर शिकून त्यांचा व्यवसाय करण्याची वाट त्याने मोकळी केली. लूर्दमातेच्या सणाची ती तारीख. त्याच तारखेला १९९३ पासून आपण जागतिक रुग्ण दिन पाळतो. त्या दिवशी आजाऱ्यांना तैलाभ्यंग देताना, १९३६ पूर्वी केवळ आपल्या संकोचापायी दगावलेल्या मातांचीही आठवण आपण ठेवावी, असे आम्हाला वाटते.

मदर तेरेसांच्या चरित्रातील एक लहानसा प्रसंग याच धाग्यातला आहे. १९४८ साली लोरेटो मठ सोडल्यावर त्या थेट कलकत्त्याच्या झोपडपट्टीत गेल्या नाहीत. आधी त्या पाटण्याला, अ‍ॅना डेंगेल यांच्याच संघाच्या होली फॅमिली रुग्णालयात गेल्या आणि काही काळ राहून तेथील भगिनींकडून शुश्रूषेचे प्राथमिक धडे घेतले. वीस वर्षे शाळेत शिकवलेली स्त्री पुन्हा विद्यार्थिनी झाली. पुढे १९९४ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात, मदरच्या आश्रमात स्वच्छता आणि माया आहे, जखमांची काळजी घेतली जाते, परंतु निदान व वेदनाशमन यांत गंभीर उणिवा आहेत, अशी टीका आली. पुष्कळ कॅथलिकांना तिचा राग आला. आम्हालाही आला होता. आज वाटते की, राग येण्याऐवजी आपण ती टीका शांतपणे ऐकावयास हवी होती. संतपण आणि वेदनाशामक औषध या दोहोंत निवड करण्याची पाळी रुग्णावर का यावी? त्याला दोन्ही मिळाले पाहिजेत.

आपल्या परिसरातच या प्रश्नाची एक तेजस्वी साक्ष आहे. आनंदीबाई जोशी यांचे बालपण कल्याणात गेले. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि उपचारांअभावी तो दहा दिवसांत गेला. त्या घरात मायेची उणीव होती काय? मायेची नव्हती, जाणत्या हातांची होती. म्हणूनच ही मुलगी सातासमुद्रापलीकडे फिलाडेल्फियाला गेली आणि १८८६ साली डॉक्टर झाली. १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची बाविशीही पुरी होण्याआधी, क्षयाने तिचा अंत झाला. आनंदीबाईंचे दुःख लक्षावधी मातांच्या वाट्याला आले होते. ते दुःख देवाची इच्छा म्हणून सोडून न देता त्याचे शिक्षणात रूपांतर करणे, हे त्यांचे वेगळेपण.

पुढे रमाबाई रानडे यांनी पुण्याच्या सेवासदनातून स्त्रियांना, विशेषतः विधवांना, ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी पाठवले, तेव्हा प्रतिष्ठित घरांतून नाके मुरडली गेली. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कोणाकोणाची घाण काढायची, हे काम ‘चांगल्या घरच्या’ बाईचे नाही, असे म्हटले जाई. मराठी ख्रिस्ती मुलींनी हा संकोच आधीच ओलांडला होता. मिरजेचे वॉनलेस रुग्णालय, नगरचे बूथ रुग्णालय, जालन्याचे मिशन रुग्णालय ही आपल्या प्रॉटेस्टंट बांधवांची घरे. त्यांत आपल्या कित्येक कुटुंबांतील आज्या-पणज्या पांढरी साडी नेसून उभ्या राहिल्या. आज ठाण्यात, कळव्यात, कल्याणात कोणत्याही रुग्णालयात जावे, तर केरळीय भगिनींच्या शेजारी आपल्या आडनावाच्या मुली भेटतात. हा वारसा अभिमानाचा आहे. म्हणूनच तो स्टेशनाजवळच्या सोनेरी शिक्क्याला विकला जाऊ नये.

आता पगाराच्या प्रश्नाकडे वळू. दयाळू शोमरोनी माणसाचा दाखला (लूक १०) तीन वर्षांतून एकदा, ऐन पावसाळ्यात, रविवारच्या शुभवर्तमानात येतो. आम्ही त्यावर तीस वर्षे प्रवचने केली. याजकावर बोललो, लेवीवर बोललो, शोमरोनी माणसावर तर भरभरून बोललो. त्या कथेत आणखी एक माणूस आहे, त्याच्यावर मात्र कधी बोललो नाही. तो म्हणजे उतारशाळेचा रक्षक.

कथा नीट आठवून पाहावी. शोमरोनी माणसाने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत आणले. त्या रात्री त्याने त्याची काळजीही घेतली. पण दुसऱ्या दिवशी तो निघून गेला, कारण त्याला त्याची कामे होती. जाताना त्याने रक्षकाला दोन दीनार दिले आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना देईन असे सांगितले. पुढचे दिवस कोणी काढले? पट्ट्या कोणी बदलल्या, अंग कोणी पुसले, रात्री कण्हण्याचा आवाज आल्यावर कोण उठले? रक्षकानेच. प्रभू येशूने त्याचे नाव सांगितले नाही, त्याची स्तुती केली नाही, आणि त्याने पैसे घेतले म्हणून त्याला बोलही लावला नाही. दीनार म्हणजे त्या काळच्या मजुराची एका दिवसाची मजुरी. द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दाखल्यातही तोच दर आहे. दया करणाऱ्याने मजुरी चुकती केली, पुढच्या खर्चाचीही हमी दिली, आणि तरीही त्याची दया अपुरी ठरली नाही. उलट, मजुरी चुकती केली म्हणूनच ती पुरी झाली.

आमच्या मते, रुग्णालयातील सिस्टर, ब्रदर, वॉर्डबॉय, मावशी, लॅबमधला मुलगा, घरी राहून म्हाताऱ्यांना सांभाळणारी बाई हे सारे या रक्षकाच्या वंशातले. डॉक्टर येतात, तपासतात, औषध लिहून जातात. नातेवाईक भेटीच्या वेळेत फळे घेऊन येतात. उरलेले अठरा तास आजारी माणूस ज्यांच्या हाती असतो, ते हे लोक. त्यांना पगार मिळतो म्हणून त्यांचे काम ‘पाचारण’ नव्हे, असे आपण मानतो, आणि त्यांना पगार नाकारायचा झाला की तेच काम आपण ‘सेवा’ म्हणून गौरवतो. ही आपली जुनी लबाडी आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरम नोवारम’ या परिपत्रकात कामगाराला त्याच्या कुटुंबाचा निर्वाह होईल एवढे वेतन हा न्यायाचा प्रश्न मानला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावरील आदेशात, न्यायाने जे देणे लागते ते दानधर्म म्हणून देऊ नये, असा आशय स्पष्ट केला. हे दोन्ही दस्तऐवज आमच्या कपाटात आहेत. त्या मुलीच्या पगाराची चौकशी आम्ही मात्र तिसऱ्या भेटीत केली.

आपल्या डोंबिवली-ठाण्याच्या इमारतींत आता एक नवे दृश्य सर्रास दिसते. मुले आखातात, कॅनडात किंवा बंगळूरला. घरी वृद्ध आईवडील आणि ब्युरोमार्फत ठेवलेली एक बाई, बारा तासांची किंवा चोवीस तासांची. ब्युरो तिच्या पगारातून कमिशन कापून घेतो. कित्येक ठिकाणी ती स्वयंपाकघरात चटई टाकून निजते आणि तिचा चहाचा कप वेगळा असतो. तिला ‘आमची मावशी घरच्यासारखी आहे’ असे म्हणतात. घरच्या माणसाला आठवड्याची सुट्टी लागत नाही काय? तिला म्हाताऱ्यांना उचलण्याची रीत कोणी शिकवली? नाही शिकवली, तर तिची कंबर मोडते आणि त्यांचे हाड. आपण प्रत्येकाने आपल्या घराचे उत्तर आपल्याशी द्यावे.

२२ मार्च २०२० रोजी संध्याकाळी आपण सर्वांनी गॅलरीत उभे राहून थाळ्या वाजविल्या. त्यानंतर काही आठवड्यांतच, आरोग्य कर्मचाऱ्यांना मारहाण होते, घरमालक त्यांना घर सोडायला सांगतात म्हणून सरकारला २२ एप्रिल रोजी वटहुकूम काढून साथरोग कायद्यात शिक्षेची तरतूद करावी लागली. एकाच महिन्यात आपण टाळ्याही वाजवल्या आणि दारेही बंद केली. २०२१ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने एक लाख कोविड योद्ध्यांना सहा प्रकारच्या कामांचे, जसे घरी शुश्रूषा, नमुने गोळा करणे, उपकरणे हाताळणे, अल्पमुदतीचे प्रशिक्षण देण्याची योजना जाहीर केली. संकट आल्यावर आपल्याला शिकलेल्या हातांची किंमत कळते. साथ ओसरल्यावर करारावर घेतलेल्यांपैकी अनेकांना घरी पाठविले गेले, हेही आपण पाहिले.

शिक्षण आणि प्रेम एकत्र आले म्हणजे काय घडते, याचे उदाहरण मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाने जगापुढे ठेवले. तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातीलच एका कर्मचाऱ्याने पाशवी अत्याचार केला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना सांभाळले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात या शुश्रूषेचा मुक्तकंठाने गौरव केला. इतकी वर्षे अंथरुणात असूनही त्यांच्या पाठीला जखमा होऊ दिल्या नाहीत, हे ऐकून सामान्य माणूस हळहळतो आणि पुढे जातो. ज्याने आजारी माणूस सांभाळला आहे, तो मात्र थबकतो. दर दोन तासांनी कूस बदलणे, चादरीला सुरकुती राहू न देणे, कातडी कोरडी ठेवणे, लाल डाग दिसताच ओळखणे, आणि हे दिवसरात्र, पाळीमागून पाळी, चार दशके. यात माया किती आणि विद्या किती, हे कोणी वेगळे करून दाखवावे. आम्हाला ते करता येत नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो योग्यच आहे. ज्या सुनेने सासूला अंथरुणात पाच वर्षे सांभाळले, तिने कोठे परीक्षा दिली होती? गरिबाच्या मुलीला मान्यताप्राप्त विद्यालयाची फी परवडत नसेल, तर तिने आजाऱ्याला हातच लावू नये काय? आमचे म्हणणे तसे नाही. न शिकलेली माया निरर्थक नसते. तिने आपली सीमा ओळखावी, एवढेच आम्ही म्हणतो. येते ते मन लावून करावे, येत नाही ते ‘येत नाही’ म्हणून सांगावे, आणि उद्या ते यावे म्हणून आज विचारावे. शुश्रूषा-सहायकाचे काम, म्हणजे अंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलणे, ताप-नाडी पाहणे, व्हीलचेअर नेणे, हे हलके काम नाही. ते नीट शिकून, आपल्या खऱ्या नावाने करणारी व्यक्ती मानाची धनी आहे. खोटेपणा सुरू होतो तो तिच्या अंगावर दुसऱ्याचा कोट चढविला जातो तेव्हा. आणि तो कोट चढविणाऱ्याचे पाप घालणाऱ्या गरीब मुलीपेक्षा कितीतरी मोठे असते. मालकाला स्वस्त हात हवे असतात, क्लासवाल्याला फी हवी असते, आणि आपल्याला बिल कमी हवे असते.

म्हणून पालकांना आमचे कळकळीचे सांगणे आहे. मुलीला किंवा मुलाला या क्षेत्रात पाठविण्यापूर्वी, फीचा पहिला हप्ता भरण्यापूर्वी, चार गोष्टी विचाराव्यात. हे विद्यालय परिचर्या परिषदेच्या यादीत आहे काय? लॅब तंत्रज्ञ वगैरे अभ्यासक्रम असल्यास त्याला कोणत्या विद्यापीठाची वा मंडळाची मान्यता आहे? प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात, किती तास शिकवणार? आणि यातून बाहेर पडल्यावर कोणते काम करण्याचा अधिकार मिळेल, कोणते काम करण्याचा मिळणार नाही? २०२१ साली संमत झालेल्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्याने संलग्न आरोग्य व्यावसायिकाच्या पदविका-पदवीसाठी किमान दोन हजार तासांचे शिक्षण धरले आहे. सहा महिन्यांत सारे काही शिकवतो म्हणणाऱ्या जाहिरातीशेजारी हा आकडा ठेवून पाहावा. धर्मग्रामातील निवृत्त सिस्टर्सनी एखाद्या रविवारी ही चौकशी करून द्यावी. सेंट व्हिन्सेंट दी पॉल सोसायटीच्या मदतीतून कानातले विकण्याची पाळी एखाद्या घरावरून तरी टाळता येईल.

त्या मुलीला आम्ही पुढे काय सांगितले? तिची क्षमा मागितली आणि पहिले उत्तर मागे घेतले. “सिस्टर म्हणून हाक आली तर ‘मी सिस्टर नाही, मदतनीस आहे, सिस्टरांना बोलावते’ असं म्हण. इंजेक्शनला नाही म्हण,” असे सांगितले. सांगणे आम्हाला सोपे होते. तिने नाही म्हटले आणि आठ दिवसांत तिची नोकरी गेली. शेवटच्या महिन्याचा पगारही मिळाला नाही. सत्य बोलण्याची किंमत तिच्या घराने भरली, आम्ही नव्हे, ही टोचणी आम्हाला अजून आहे. धर्मग्रामातील काही कुटुंबांनी हातभार लावला आणि दुसऱ्या वर्षी तिला ए.एन.एम.ला प्रवेश मिळाला. पहिल्या दोन महिन्यांत नुसता बिछाना घालायला शिकवला, तोही तीस वेळा मोडून पुन्हा, असे ती हसत सांगत असे.

आज ती नोंदणीकृत आहे आणि ठाणे जिल्ह्यातील एका आरोग्य उपकेंद्रात काम करते. गेल्या लेन्टमध्ये आम्ही तिला आमच्या सध्याच्या धर्मग्रामात बोलावले. आजाऱ्यांना घरी कम्युनियन नेणारे आमचे प्रापंचिक सेवक आणि घरात म्हातारी माणसे असलेल्या पंधरा-वीस बायका जमल्या होत्या. तिने एका आजोबांना खुर्चीत बसवले. “आधी विचारा, यांना गिळता येतं का. मग डोकं वर घ्या, हनुवटी थोडी खाली. एकच चमचा. थांबा. घोट उतरला का बघा. मग दुसरा.”

आम्ही मागच्या बाकावर बसून ऐकत होतो. मग तिने आम्हालाच पुढे बोलावले आणि चमचा आमच्या हाती दिला.